तळहात दाखवा: गाय एन्डोर यांची ‘द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस’ आणि १८७१चं पॅरिस

गेल्या वेळी प्रश्नोत्तरं संपता संपता मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं होतं, “सर, तुम्ही जन्मभर कान्ट आणि हेगेल शिकवलंत, कधी भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचल्यात का?” सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना रिक्षात बसल्यावर मात्र वाटलं, प्रश्न हसण्यावारी न्यायला नको होता. कारण वाचल्यात. आणि त्यातली एक मला पन्नास वर्षं सोडत नाहीये.

एम.ए.ला असताना फोर्टच्या फुटपाथवर मी ती विकत घेतली. मुखपृष्ठ इतकं भडक होतं, की लोकलमध्ये वाचण्यासाठी वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागलं. गाय एन्डोर या अमेरिकन लेखकाची ‘द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस’. साल १९३३. वेअरवुल्फ म्हणजे माणसाचा लांडगा होणं, किंवा माणसात लांडगा असणं. आपल्याकडे मानगुटीवर बसणारं भूत आहे, अंगात येणारं वारं आहे, पण हा प्रकार तसा नाही. आपल्याला लांडगा आठवतो तो भीमाच्या नावात, वृकोदर. पोटात लांडग्याची भूक असलेला. हा शब्द आजच्या बोलण्यात दोनतीनदा येईल, कारण एन्डोरचा नायकसुद्धा मुळात एक भुकेलाच माणूस आहे. पौर्णिमेचा चंद्र बघून अंगावर केस उगवणारा, सिनेमातला लांडगा शोधायला गेलात तर निराश व्हाल.

तर आज या कादंबरीचं बरंवाईट बोलायचं आहे. पण ही इतिहासाची व्याख्यानमाला आहे, त्यामुळे ‘आवडली-नावडली’ एवढ्यावर भागणार नाही. कादंबरी ज्या काळात घडते तो काळ म्हणजे १८७०-७१चं पॅरिस. प्रशियाचा वेढा, मग कम्यून, मग कम्यूनची कत्तल. लेखकाने लांडगा तिथे का नेऊन सोडला, हा माझा विषय.

आधी लेखकाबद्दल दोन शब्द. एन्डोर न्यूयॉर्कमध्ये ज्यू कुटुंबात जन्मला, मूळचं आडनाव गोल्डस्टीन. लहानपणीची काही वर्षं व्हिएन्नात गेली, पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकला. नंतर हॉलिवूडमध्ये पटकथा लिहून पोट भरलं. ‘मार्क ऑफ द व्हँपायर’, ‘मॅड लव्ह’ हे १९३५चे चित्रपट, त्यांच्या लेखकांत तो आहे. ‘द स्टोरी ऑफ जी.आय. जो’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता आणि त्यापायी पुढे काळ्या यादीचा त्रासही झाला. लांडग्याच्या कादंबरीनंतर लगेच, १९३४मध्ये, त्याने ‘बाबूक’ लिहिली, हैतीतल्या गुलामांच्या उठावावर. म्हणजे हा माणूस नुसता घाबरवायला बसलेला नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

आता गोष्ट. एका अमेरिकन विद्यार्थ्याला पॅरिसमध्ये कचऱ्यात पडलेलं एक हस्तलिखित मिळतं. ते असतं एमार गॅलिए नावाच्या माणसाचं, सार्जंट बर्ट्रांड कायेच्या कोर्टमार्शलसाठी लिहिलेलं निवेदन. बर्ट्रांडची आई झोझेफिन ही एमारच्या मावशीच्या घरातली पोरसवदा मोलकरीण. तिच्यावर एक पाद्री बलात्कार करतो आणि मूल जन्माला येतं ते नेमकं नाताळच्या आदल्या रात्री. जुना ख्रिस्ती समज असा, की येशूच्या जन्मवेळेशी बरोबरी करणारं मूल शापित असतं. पोराच्या भुवया जुळलेल्या, तळहातावर केस. गावात मेंढ्या मरायला लागतात. जंगलाचा राखणदार चांदीची गोळी झाडतो आणि ती गोळी पोराच्या अंगात सापडते. मग एमार त्याला खोलीत कोंडतो, गजाआडून कच्चं मांस देतो. पोरगा निसटतो, पॅरिसला जातो, नॅशनल गार्डमध्ये भरती होतो. तिथे सोफी नावाची श्रीमंत बँकरची मुलगी त्याच्या प्रेमात पडते. आपल्या अंगाला चिरे देऊन त्याला रक्त पिऊ देते, म्हणजे त्याने बाहेर कुणाला मारू नये. पण हे किती दिवस चालणार? शेवटी तो पकडला जातो, कोर्टमार्शल होतं, आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते.

ऐकताना तुमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या दिसतायत. बरोबर आहे. गोष्ट चवीने सांगायची नाहीच. तिच्याखालचं बघायचंय.

बर्ट्रांड हा सार्जंट एन्डोरने हवेतून आणलेला नाही. फ्रान्स्वा बर्ट्रांड नावाचा एक खरा सार्जंट फ्रेंच सैन्यात होता. १८४८-४९मध्ये पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत कुणीतरी रात्री कबरी उकरून प्रेतांची विटंबना करत होतं. रखवालदार थकले, कुत्री ठेवून झाली, अखेर भिंतीशी आपोआप उडणारा बार लावून ठेवला आणि मार्च १८४९मध्ये हा सार्जंट त्यात जखमी झाला. जुलैमध्ये कोर्टमार्शल. एक डॉक्टर त्याच्या बाजूने उभा राहिला आणि म्हणाला, हा गुन्हेगार नाही, रोगी आहे. बर्ट्रांड स्वतःही म्हणत होता, की ती लहर आली की मला आवरत नाही. त्याला एक वर्षाची कैद झाली. कबरींच्या विटंबनेला फ्रेंच दंडसंहितेत जास्तीत जास्त तेवढीच शिक्षा होती. पुढे १८६५मध्ये सॅबाइन बेअरिंग-गूल्ड या इंग्रज पाद्रीने वेअरवुल्फवर ग्रंथ लिहिला, त्यात हे प्रकरण घातलं. त्या ग्रंथाचा उद्देश लोकांना भिववणं नव्हता. जुन्या खटल्यांतले ‘लांडगे’ हे बहुतेक वेडाने पछाडलेले लोक असावेत, असं त्यांना म्हणायचं होतं.

आणि हे जुने खटले बघण्यासारखे आहेत. सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्स आणि जर्मनीच्या सरहद्दीवरच्या मुलखांत माणसांवर लांडगा झाल्याचे आरोप ठेवून रीतसर खटले चालले. डोलचा जिल गार्निए जिवंत जाळला गेला. कलोनजवळच्या पीटर श्टुम्पला १५८९मध्ये हालहाल करून मारलं. पण १५९८मध्ये झाक रूले नावाच्या भिकाऱ्याला झालेली फाशी पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली आणि त्याला दोन वर्षं वेड्यांच्या आश्रयगृहात ठेवायला सांगितलं. १६०३मध्ये झाँ ग्रनिए, तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोरगा, स्वतःच पोरींना सांगत सुटला, की मी लांडग्याचं कातडं पांघरतो आणि मुलं खातो. बोर्दोच्या न्यायालयाने म्हटलं, पोर मंदबुद्धीचं आहे, उपाशी आहे, टाकलेलं आहे. त्याला मठात ठेवलं. चिता ते मठ हा प्रवास तीसेक वर्षांत झाला. न्यायाधीशांचा सैतानावरचा विश्वास उडाला होता असं नाही. पण समोर उभा असलेला माणूस त्यांना दिसू लागला होता. युरोपच्या इतिहासात मला ही गोष्ट कोपर्निकसइतकीच मोलाची वाटते. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

एन्डोरने काय केलं? खऱ्या सार्जंटचं नाव आणि हुद्दा उचलला आणि त्याला बावीस वर्षं पुढे नेलं, १८४९मधून १८७१मध्ये. गंमत बघा, मूळ प्रकरणालासुद्धा रक्ताची पार्श्वभूमी होतीच. जून १८४८मध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव झाला, जनरल काव्हेन्याकने तो चार दिवसांत चिरडला, हजारो माणसं मेली. त्यानंतर वर्षभराच्या आतच सगळं शहर एका सार्जंटने उकरलेल्या प्रेतांवर चर्चा करत होतं. एन्डोरला हा विरोधाभास नेमका दिसला असणार. पण त्याला तो आणखी मोठा, आणखी उघडा हवा होता.

म्हणून १८७१. थोडक्यात सांगतो, कारण तारखा महत्त्वाच्या आहेत. सप्टेंबर १८७०मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तो जानेवारीअखेरपर्यंत चालला. शहरात खायला उरलं नाही. घोडे संपले, मग कुत्री, मांजरं, उंदीर. प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पॉलक्स हे हत्तीसुद्धा कापले गेले. व्होआझँ नावाच्या उंची हॉटेलचा २५ डिसेंबरचा, म्हणजे वेढ्याच्या नव्व्याण्णवाव्या दिवसाचा, मेनू प्रसिद्ध आहे. त्यात उंदरांनी वेढलेलं मांजर आहे, अस्वल आहे, आणि हरणाच्या मांसाला लावतात त्या रश्श्यासह लांडग्याची मांडीही आहे! म्हणजे ज्या नाताळात या कादंबरीतला लांडगा-माणूस पॅरिसात हिंडतोय, त्या नाताळात पॅरिसातली पैसेवाली माणसं टेबलावर रुमाल पसरून लांडगा खात होती. गरीब पावाच्या रांगेत गारठून मरत होता. वृकोदर कोण, ते तुम्हीच ठरवा.

मग तह झाला. १८ मार्चला सरकारी फौज माँमार्त्रच्या टेकडीवरच्या तोफा काढून न्यायला आली, लोक आडवे आले, शिपाई फितले, दोन जनरल मारले गेले. थिएरचं सरकार व्हर्सायला पळालं आणि पॅरिसात कम्यून आलं. ते टिकलं जेमतेम बहात्तर दिवस. २१ मेला व्हर्सायची फौज शहरात शिरली, २८ मेला सगळं संपलं. मधल्या आठवड्याला ‘रक्तरंजित सप्ताह’ म्हणतात. कम्यूनवाल्यांनी ओलिसांना गोळ्या घातल्या, त्यांत पॅरिसचे आर्चबिशप दार्बुआ होते. मारलेले ओलीस शंभराच्या आतबाहेर. उलट बाजूने फौजेने मारले ते हजारोंनी. पेर लाशेझ दफनभूमीच्या भिंतीशी शेवटच्या दिवशी १४७ जणांना उभं केलं, ती भिंत आजही आहे.

कादंबरीत एमारच्या तोंडी या दोन आकड्यांची तुलना येते. एका बाजूला आपला बर्ट्रांड, ज्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं मारली आणि ज्याच्यासाठी चांदीची गोळी, कोर्ट, वेड्यांचं इस्पितळ, सगळं आहे. दुसऱ्या बाजूला आठवडाभरात हजारो, आणि त्यासाठी पदकं. एमारला प्रश्न पडतो, की एका लांडग्यामागे आपण एवढे का धावलो. विशीत वाचताना मी या पानावर थांबलो होतो. व्हीटी आलं आणि उतरायचं राहिलं.

ही कादंबरीची मोठी ताकद आहे, पण माझ्या मते सर्वांत मोठी नव्हे. सर्वांत मोठी ताकद सुरुवातीच्या एका प्रकरणात आहे आणि ती बहुतेक वाचक विसरतात. बापाकडून बर्ट्रांडचं घराणं पितामाँ. पितामाँ आणि पितावाल या दोन घराण्यांचं जुनं वैर. एकदा एक पितामाँ सोंग घेऊन शत्रूच्या गढीत शिरतो, खून करतो आणि सापडतो. त्याला मारत नाहीत. विहिरीसारख्या एका खोल अंधाऱ्या कोठडीत टाकतात आणि वरून मांसाचे तुकडे फेकत राहतात, वर्षानुवर्षं. आधी तो शिव्या देतो, मग विनवतो, मग त्याचे शब्द संपतात, आणि विहिरीतून फक्त ओरडणं ऐकू येतं. लांडग्याचं.

एवढंच. इथे सैतान नाही, मंत्र नाही, मलम नाही. माणसाला खड्ड्यात ठेवा, बोलू नका, वरून मांस फेका, लांडगा तयार होतो. मग पुढची कादंबरी या विहिरीच्या खुणा धरून वाचून बघा. एमार पोराला गजाआड ठेवून कच्चं मांस देतो, ती दुसरी विहीर, आणि ती मायेपोटी खणलेली. शेवटचं वेड्यांचं इस्पितळ ही तिसरी. तिथला डॉक्टर एमार भेटायला येणार म्हटलं की बर्ट्रांडला औषध देऊन स्वच्छ खोलीत शांत बसवतो, पाठ वळली की पुन्हा कोठडी आणि मार. एमार समाधानाने घरी जातो. मला संपूर्ण कादंबरीत सर्वांत भयानक वाटतं ते हे समाधान. पिनेलनं आणि त्यांच्या शिष्यांनी वेड्यांच्या साखळ्या तोडल्या, हा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सचा अभिमानाचा विषय होता. एन्डोर म्हणतो, साखळीऐवजी गुंगीचं औषध आलं, झालं.

आता दोष. इथे मी हात राखून बोलणार नाही.

पहिली गोष्ट, झोझेफिन. बलात्कार झालेली एक अजाण मुलगी, आणि लेखक पुढच्याच पानांत तिला दिसेल त्या पुरुषामागे धावणारी करून टाकतो, जणू त्या पाद्रीने तिच्यात काहीतरी ‘जागं’ केलं. हे खोटं आहे, आणि ओंगळ आहे. विहिरीतला कैदी कसा लांडगा झाला हे ज्याला इतकं बारकाईने कळतं, त्याला या मुलीचं काय झालं असेल हे कळू नये? तो काळच तसा होता, असं म्हणून मी सोडणार नाही. काळ सगळ्यांना सारखाच होता. सोफीचं थोडं बरं आहे, तिला मन आहे, पण तीही शेवटी पुरुषाच्या भुकेपुढे ठेवलेलं ताट आहे. आणि लेखक ते प्रसंग इतका रमून लिहितो, की कळवळा कुठे संपला आणि चटक कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. माझं मुखपृष्ठ भडक होतं, त्यात प्रकाशकाचा दोष मानत होतो. तेवढाच नव्हता.

दुसरं, रचना ढिली आहे. हस्तलिखित सापडणारा अमेरिकन विद्यार्थी मध्येच नाहीसा होतो. हस्तलिखितात नसणाऱ्या गोष्टी कोण सांगतंय याचा पत्ता लागत नाही. कम्यून सुरू झालं की बर्ट्रांड पानंच्या पानं दिसत नाही आणि आपण इतिहासाचं पुस्तक वाचतोय असं वाटतं. मला ती पानं आवडतात, पण ज्याने लांडग्यासाठी पैसे मोजले त्याची फसवणूकच की.

तिसरा दोष माझ्या विषयातला, म्हणजे तत्त्वज्ञानातला. बर्ट्रांड लांडगा का झाला? नाताळच्या रात्री जन्मला म्हणून? पितामाँचं रक्त म्हणून? पाद्रीचं पाप म्हणून? कोंडून ठेवलं म्हणून? की तो निव्वळ आजारी आहे? एन्डोर पाचही कारणं देतो आणि एकही सोडत नाही. तुम्ही म्हणाल, संदिग्धता हा कलेचा गुण आहे. असतो, कधी कधी. इथे नाही. जन्मानेच लांडगा असेल तर विहिरीच्या प्रकरणाला अर्थ राहत नाही. आणि विहिरीने लांडगा होत असेल तर तळहातावरचे केस निव्वळ गारुड्याचा खेळ.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागात हा प्रश्न फार नीट सोडवला आहे. तो आर्केडियातल्या झ्यूसच्या देवळाची दंतकथा सांगतो, की बळींच्या मांसात मिसळलेला माणसाच्या मांसाचा तुकडा ज्याने चाखला तो लांडगा होतो. आणि म्हणतो, जो लोकनेता आपल्याच माणसांच्या रक्ताची चव घेतो त्याचं असंच होतं, तो जुलमी राजा होतो. म्हणजे प्लेटोचा लांडगा जन्मत नाही. तो एक कृत्य करतो, आणि मग परतीची वाट बंद होते. हॉब्जचंही तेच. माणूस माणसाशी लांडग्यासारखा वागतो हे जुनं लॅटिन वचन त्याच्या नावावर खपतं, पण त्याने ‘दे सिव्हे’च्या अर्पणपत्रिकेत दोन वाक्यं जोडीने ठेवली आहेत. एकाच नगरातले नागरिक एकमेकांना देवासारखे, आणि नगरं नगरांना लांडग्यासारखी. आपण पहिला अर्धा भाग सोयीने विसरतो. एन्डोरही विसरला. शेवटाकडे त्याच्या कादंबरीत सगळेच लांडगे होतात, कम्यूनवालेही, व्हर्सायवालेही. ऐकायला हे फार धाडसी वाटतं. पण सगळेच लांडगे असतील तर हुकूम कुणी दिला, बंदूक कुणी चालवली, भिंतीशी कोण उभं होतं, हे प्रश्नच संपतात. ज्या आकड्यांनी त्याने आपल्याला हलवलं, ते आकडेच मग निरर्थक होतात.

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायला हवं. जानेवारी १९९३, मुंबईची दंगल. मी तेव्हा एका साप्ताहिकात लेख लिहिला. त्यात दंगेखोरांना श्वापदं म्हटलं, माणसातला लांडगा जागा झाला वगैरे. या कादंबरीचा संस्कार असणार. लेखाचं कौतुक झालं. महिन्याभराने माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याच्या काकांचं दुकान जळलं होतं. म्हणाला, “सर, लेख वाचला. पण लांडगे नव्हते हो. पेटवणाऱ्यांतल्या दोघांना मी नावानिशी ओळखतो. एकाने आमच्या दुकानातून उधारीवर वह्या नेल्या होत्या. तुम्ही लांडगा म्हटलंत, आता त्यांना कोण विचारणार?” मला उत्तर सुचलं नाही. चहा गार झाला. तो लेख मी नंतर कुठल्याही संग्रहात घेतला नाही.

आणि हे परत १८७१ला लागू होतं, एन्डोरच्या कल्पनेपेक्षा जास्त. कारण लांडगा हा शब्द त्या कत्तलीच्या आधी आणि नंतर प्रत्यक्षात वापरला गेला होता, आणि तो कम्यूनवाल्यांसाठी. थेओफील गोत्येसारख्या नावाजलेल्या कवीने त्याच साली लिहिलं, की मोठ्या शहरांच्या तळाशी हिंस्र श्वापदांचे पिंजरे असतात, आणि एके दिवशी रखवालदार किल्ल्या विसरला. त्याला हे श्वापद म्हणजे बेलव्हीलचे कामगार. पेट्रोलने घरं पेटवणाऱ्या बायांच्या कहाण्या वर्तमानपत्रांत छापल्या गेल्या, बहुतेक निराधार. श्वापदाला खटला लागत नाही. त्याला फक्त ओळखावं लागतं.

कसं ओळखत होते? रस्त्यात माणूस पकडला की शिपाई म्हणत, हात दाखव. तळहात बंदुकीच्या दारूने काळा दिसला की भिंतीशी. आता आठवा, लोककथेत लांडगा-माणूस कसा ओळखतात? तळहातावरच्या केसांवरून. गवंड्याचा, लोहाराचा, कोळसेवाल्याचा हात तसाही काळाच असतो. जनरल गालिफेबद्दल समकालीन वृत्तांत सांगतात, की कैद्यांच्या रांगेतून तो पिकल्या केसांची माणसं बाहेर काढत असे, कारण यांनी जून १८४८ पाहिला असणार, म्हणून यांचा दोष जास्त. कादंबरीतला एमार १८४८च्या धामधुमीत जखमी होऊन लंगडणारा, आता पिकलेला. तो त्या रांगेत असता तर? एन्डोरने हा प्रसंग लिहिला नाही. हाताशी होता, लिहिला नाही. त्याला मी कादंबरीचा खरा चुकलेला क्षण मानतो.

आकड्यांबद्दलही बोललं पाहिजे, इतिहासाचे विद्यार्थी बसलेत समोर. एन्डोरच्या काळी रक्तरंजित सप्ताहातल्या मृतांचा रूढ आकडा वीस हजारांच्या घरातला होता. कम्यूनमध्ये स्वतः लढलेल्या लिसागारेच्या इतिहासाने तो रुजवला, त्याचा इंग्रजी अनुवाद कार्ल मार्क्सच्या मुलीने, एलिनॉरने, केला. अलीकडे, २०१२मध्ये, रॉबर्ट टूम्ब्ज या ब्रिटिश इतिहासकाराने दफनभूमींच्या आणि नगरपालिकेच्या नोंदी तपासून आकडा ५,७०० ते ७,४०० इतका खाली आणला. त्यावर वाद आहे, सगळ्यांना पटलेला नाही. मला या वादात एक गोष्ट खटकते. कमी आकडा मांडला की लोक विचारतात, मग कत्तल नव्हतीच का? सात हजार कमी वाटतात? एमारच्या तुलनेला सात हजारही पुरतात. पण कादंबरीकाराने आकड्यावर इतका भार टाकला, की आकडा हलला की त्याची इमारत डुगडुगते. विहिरीतला एक माणूस मात्र तसाच राहतो, तिथे मोजायला दुसरा कुणी नाही.

सिनेमाचं एक वाक्यात सांगतो. १९६१मध्ये हॅमर कंपनीने ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’ काढला, ऑलिव्हर रीडला घेऊन. गोष्ट उचलून स्पेनमध्ये नेली. कम्यून गेलं, कोर्टमार्शल गेलं, राजकारण सगळं गेलं. पण कोठडीत वर्षानुवर्षं सडून जनावर झालेला एक भिकारी मात्र ठेवला. म्हणजे खरं काय आहे ते सिनेमावाल्यांनाही कळलं होतं.

कादंबरीच्या शेवटाला एक छोटं परिशिष्ट जोडलेलं आहे, सरकारी अहवालाच्या भाषेत. काही वर्षांनी दफनभूमीतल्या कबरी उकरल्या जातात आणि बर्ट्रांडच्या पेटीत माणसाऐवजी कुत्र्यासारख्या प्राण्याचं कलेवर सापडतं. बहुतेक वाचकांना ही शेवटची भीतीची शिरशिरी वाटते. मी आता वाचतो तेव्हा माझं लक्ष त्या कारकुनावर जातं, ज्याने पेटी उघडली, जे दिसलं ते नोंदवहीत लिहिलं आणि खाली सही केली. मे १८७१मध्येही पॅरिसच्या दफनभूमीत असे कारकून कामावर होते. गाड्या भरभरून प्रेतं येत होती. त्यांतल्या काहींनी ‘अनोळखी’ असं लिहिलं, काहींनी अंगावरचे कपडे, अंदाजे वय, एवढं तरी लिहून ठेवलं. टूम्ब्ज यांनी सुमारे एकशे चाळीस वर्षांनी मोजलं ते या कारकुनांच्या वह्यांतूनच.

वेळ झाली, घंटा वाजली. त्या मुलीला मागे शोधतोय, आज आलेली दिसत नाही. प्रश्न असतील तर विचारा, पण माझी प्रत मागू नका, तिची पानं सुटली आहेत.